मॉडेल रेल्वेतली कापडगिरणी: इमारत खेळण्यासारखी का दिसते आणि भिंती का वाकतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एचओ स्केलचं शेल्फ, २.४ मीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद. मागच्या बाजूला ९० सेंटिमीटरची सरळ सायडिंग, म्हणजे वाघिणी (मालगाडीचे डबे) उभ्या करायचा बाजूचा रूळ, आणि तिच्या मध्यरेषेपासून मागच्या पार्श्वभूमीच्या पडद्यापर्यंत १२ सेंटिमीटर जागा. तिथे किटमधला कारखाना ठेवला तर तो खेळणं वाटतो. म्हणून प्लॅस्टिक शीट आणून कापडगिरणीच्या भिंती स्वतः केल्या, वर विटांची उठावाची शीट चिकटवली, आणि दोन आठवड्यांत त्या भिंती वाकल्या. आता विचारताय की शीट कोणती घेऊ आणि गोंद कोणता वापरू.

शीट-गोंदाचं सविस्तर सांगतो. पण गोंद बदलला तरी दुसरी गिरणीसुद्धा खेळण्यासारखीच दिसेल, कारण ती चूक कापायच्या आधी, मापं ठरवताना होते. औद्योगिक इमारतीची मापं वाघिणीवरून काढायची असतात. आधी रूळ, मग मालाचा धक्का, मग दारं आणि सगळ्यात शेवटी भिंत. उलट क्रमाने गेलं की इमारत आणि सायडिंग एकमेकांना अनोळखी राहतात.

एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खरा एक मीटर मॉडेलवर साडेअकरा मिमी. या हिशोबाने तुमचं आख्खं शेल्फ खऱ्या मापात जेमतेम २०९ मीटर लांब आणि ३९ मीटर रुंद भरतं. गिरणीची एकटी सूतकताईची इमारत १०० मीटर लांब असली तर तिलाच ११५ सेंटिमीटर लागतील. आकार कमी करणं भागच आहे, किट बनवणारेही तेच करतात. बिघडतं ते कुठे कमी केलं यावरून. बारा मीटरची बंद वाघीण मॉडेलवर १४० मिमी असते. किटचा कारखाना बहुधा १५० ते २०० मिमी लांब. आपला डोळा इमारतीला वेगळं मोजत नाही, शेजारच्या वाघिणीशी ताडून पाहतो. रोज वाघिणी मागवणारा कारखाना दीड वाघिणीएवढा दिसला की त्यावर विश्वास बसत नाही, मग रंगकाम कितीही सुबक असो.

आधी गिरणीत रुळावरून काय येतं आणि काय जातं ते कागदावर लिहा. कापसाच्या गासड्या येतात, कापडाच्या गाठी जातात, बॉयलरसाठी कोळसा येतो, राख जाते. गासड्या आणि गाठी बंद वाघिणीतून धक्क्यावर उतरतात-चढतात. कोळशाला धक्का नको, त्याला उघडी वाघीण आणि खाली ढीग किंवा हौद लागतो. म्हणजे तुमच्या सायडिंगवर दोन प्रकारच्या जागा हव्यात. एका वाघिणीला कपलिंग धरून १५० मिमी द्या. धक्क्यावर तीन वाघिणी म्हणजे ४५० मिमी, आणि टोकाला कोळशाची एक जागा. ९० सेंटिमीटरमध्ये हे सुखाने बसतं आणि वाघिणी आत-बाहेर करायला मोकळा रूळही उरतो.

आता आडवी मापं. धक्क्याची कड रुळाच्या मध्यरेषेपासून सरळ भागात २० ते २१ मिमी ठेवा. रुंद वाघीण खऱ्या मापात ३.२ मीटरच्या आसपास असते, म्हणजे तिचं अर्धं अंग १८.४ मिमी. राहिलेले दोन-अडीच मिमी डुगडुगण्यासाठी आणि पायऱ्या-दांड्यांसाठी. धक्क्याचा पृष्ठभाग रुळाच्या माथ्यापासून १३ मिमी वर घ्या, म्हणजे तो वाघिणीच्या तळाशी जुळतो. हे माप रुळाच्या माथ्यापासूनच घ्यायचं. पाटापासून, म्हणजे शेल्फच्या फळीपासून, मोजलं तर रुळाखालचा कॉर्क, स्लीपर आणि रूळ मिळून सहा-आठ मिमीची चूक सहज होते, आणि धक्का वाघिणीच्या तळाखाली बुडालेला दिसतो. धक्क्याची रुंदी २५ मिमी धरा. १२० मधून २१ आणि २५ गेले, उरले ७४ मिमी. एवढीच तुमच्या इमारतीची खोली. म्हणजे पूर्ण इमारत नव्हे, पडद्याला टेकलेली अर्धी इमारत. याचं वाईट वाटून घेऊ नका. शेल्फवर हीच सगळ्यात परिणामकारक पद्धत आहे, कारण मागे इमारत किती खोल गेली असेल ते पाहणाऱ्याच्या मनावर सोडता येतं.

तुमची सायडिंग सरळ आहे म्हणून २१ मिमी पुरतात. धक्क्याच्या एका टोकाला वळण सुरू होत असेल तर हिशोब बदलतो. वळणावर वाघिणीचं पोट आतल्या बाजूला सरकतं. किती सरकतं ते काढायला वाघिणीखालच्या दोन बोगींच्या (चाकांच्या संचांच्या) मध्यांमधल्या अंतराचा वर्ग करून त्याला वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. एखाद्या लांब डब्याचं हे अंतर १६० मिमी आणि त्रिज्या ४५० मिमी असेल तर २५,६०० भागिले ३,६००, म्हणजे ७ मिमी. बाहेरच्या बाजूला वाघिणीची टोकं फेकली जातात. त्यासाठी वाघिणीच्या पूर्ण लांबीच्या वर्गातून बोगींच्या अंतराचा वर्ग वजा करून त्याच संख्येने भागा. एवढं अंतर धक्क्याला जास्तीचं द्यावं लागेल. हिशोब केला तरी धक्का पक्का करण्याआधी सगळ्यात लांब वाघीण आणि सगळ्यात रुंद इंजिन हाताने ढकलून पाहा.

इमारत लहान करताना माझा नियम साधा आहे. माणसाच्या अंगाशी संबंध असलेल्या गोष्टींना हात लावायचा नाही: दार, खिडकीची उंची, पायरी, कठडा, वीट. कमी करायची ती गाळ्यांची (दोन खांबांमधल्या भागांची) आणि मजल्यांची संख्या. माणसाचं दार २.१ मीटरचं, म्हणजे २४ मिमी. ते २० मिमी केलं की शेजारी ठेवलेला माणूस लगेच चाडी करतो. मात्र चोवीस गाळ्यांची गिरणी अकरा गाळ्यांची केली तर कुणी मोजायला जात नाही.

तुमच्यासाठी मी गाळा ५० मिमीचा धरेन. कारण वाघिणींची दारं एकमेकांपासून १५० मिमीवर येणार आहेत. गाळा ५० चा असला की दर तिसऱ्या गाळ्यात मालाचं दार येतं आणि प्रत्येक वाघीण आपल्या दारासमोर उभी राहते. अकरा गाळे, म्हणजे ५५० मिमी. मालाची दारं तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या गाळ्यात. मजला ५० मिमीचा, म्हणजे खरा ४.३ मीटर, कारखान्याला शोभणारा. चारऐवजी तीन मजले, वर १० मिमीचा कठडा. तळमजला धक्क्याच्या पातळीवर, म्हणजे रुळाच्या माथ्यापासून एकूण उंची १७३ मिमी. इंजिन पन्नासेक मिमी उंच, त्याच्या साडेतीनपट इमारत. आता ती कारखाना वाटते.

तिच्या शेजारी विणकामाची एकमजली शेड घ्या, करवती छपराची. सूतकताई अनेक मजल्यांवर चालते, पण मागांचा हादरा जमिनीवरच सोसतो आणि विणकराला दिवसभर एकसारखा उजेड लागतो, म्हणून विणकामाची शेड बसकी आणि छपरातून उजेड घेणारी. ५० मिमीचे चार दात म्हणजे २०० मिमी. मुख्य इमारत आणि शेड यांच्यामध्ये ५० मिमीचा जिन्याचा मनोरा, त्याच्या माथ्यावर पाण्याची टाकी. उरलेल्या टोकाला बॉयलरघर आणि धुराडं. धुराडं नेहमी बॉयलरघरालाच लागून. कुठेतरी मोकळी जागा दिसली म्हणून उभं केलेलं धुराडं जाणकाराला लगेच खटकतं. ३० मीटरचं धुराडं ३४५ मिमी होईल. शेल्फवर ते अंगावर येतं, २२० ते २४० पुरे. निमुळतेपणा मात्र ठेवा. सरळ नळी धुराडं म्हणून उभी केली तर ती पत्र्याचं धुराडं म्हणूनच खपते, विटांचं म्हणून नाही.

हे सगळं आधी साध्या पुठ्ठ्यात करा. खिडक्या पेन्सिलीने काढा, चिकटपट्टीने जोडा, जागेवर ठेवा आणि काही दिवस गाड्या चालवा. डोळा रुळाच्या पातळीवर आणून फोटो काढा. वाघिणी जोडता-सोडताना हात कुठे अडतो ते याच वेळी कळतं, आणि उंची दहा मिमीने कमी-जास्त करायची असेल तर खर्च फक्त पुठ्ठ्याचा. शक्य असेल तर शेड पडद्याला समांतर न ठेवता आठ-दहा अंशांनी तिरपी करून पाहा. सगळं काही काठाला समांतर असलं की जागा कपाटासारखी दिसते.

आता भिंती का वाकल्या. पॉलिस्टायरीन शीटचा पातळ गोंद खरं तर गोंद नाहीच, ते द्रावक आहे. ते प्लॅस्टिक मऊ करतं, दोन पृष्ठभाग एकजीव होतात आणि द्रावक उडून जातं. अरुंद सांध्यातून ते मिनिटांत उडतं. पण दोन मोठ्या शीट एकमेकींवर पसरून चिकटवल्या की मधलं द्रावक अडकतं. ते आठवडे-आठवडे हळूहळू बाहेर पडतं, तेवढा वेळ आतला पृष्ठभाग मऊ राहतो आणि सुकताना आकसतो. विटांची शीट अर्ध्या मिमीची आणि मागची शीट एक मिमीची असेल तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो, आणि भिंत कमानीसारखी होते. त्यात भर म्हणजे बंद खोका. चारही भिंती, तळ आणि छप्पर लावून टाकलं की आतली वाफ जायला वाट नसते. काही वेळा भिंती सुरुवातीला सरळ असतात आणि छप्पर चिकटवल्यावर महिन्याभराने वाकतात, त्याचं कारण हेच.

उपाय चार आहेत आणि चारही एकत्र करायचे. मागचा गाभा, म्हणजे विटांच्या शीटमागची साधी शीट, एकूण २ मिमीचा घ्या. जिथे खिडक्या नाहीत अशा भागात गाभ्याला दर २५-३० मिमीवर ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे द्रावकाला निघायला वाट मिळते. द्रावक सगळ्या पृष्ठभागावर लावू नका. शीट जागेवर दाबून धरा, कडांना, खिडक्यांच्या कडांना आणि मागच्या भोकांतून ब्रशच्या टोकाने थेंब-थेंब सोडा, ते केशाकर्षणाने आपोआप आत ओढलं जातं. मग सपाट काचेवर, वर वजन ठेवून किमान एक दिवस राहू द्या. चौथी गोष्ट आधाराच्या पट्ट्या: भिंतीच्या मागे दर ६०-८० मिमीवर ५-६ मिमी रुंदीची पट्टी उभ्या धारेवर. आडवी चिकटवलेली पट्टी जवळजवळ काहीच धरत नाही. खोक्याच्या तळाला आणि मागच्या भिंतीला १५-२० मिमीची भोकं ठेवा. तारांनाही ती लागणारच आहेत.

द्रावक कोणतं, हे तुमच्याकडे काय मिळतं आणि काम किती मोठं आहे यावर आहे. मिथाइल इथाइल कीटोन किंवा तत्सम वेगाने उडणारं द्रावक सांध्यांना उत्तम. लांब सांधा जुळवायला वेळ हवा असेल तर हळू उडणारं, ब्युटाइल ॲसिटेटवर आधारित बरं. दोन्ही वेळी खिडकी उघडी आणि पंखा चालू. झटपट गोंद, म्हणजे सायनोॲक्रिलेट, धातू आणि रेझिनच्या भागांसाठी ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीच्या कोपऱ्यात तो ठिसूळ राहतो आणि आडवा धक्का लागला की सुटतो.

तीस खिडक्या एका शीटमधून कापायला बसलात तर शेवटच्या दहा वाकड्या येतील, हात कितीही स्थिर असला तरी. त्यापेक्षा भिंत पट्ट्यांनी बांधा. गाभ्याचे १ मिमीचे दोन थर करायचे. पुढच्या थरात प्रत्येक मजल्याला एक आडवी पट्टी खिडकीच्या खाली, एक वर, आणि मध्ये २० मिमी रुंदीचे खांब. त्यामुळे ३० मिमी रुंद आणि ३४ मिमी उंच खिडक्यांची भोकं आपोआप तयार होतात. सगळे खांब एकाच लांब पट्टीतून, एका अडणीला टेकवून कापा, म्हणजे ३४ मिमीचं माप एकदाच घ्यावं लागतं. भोकांमध्ये ३० मिमीचा ठोकळा ठेवून खांब चिकटवले की अंतर चुकत नाही. मागच्या थरातही हेच, फक्त खांब १७ मिमीचे आणि आडव्या पट्ट्या दीड-दीड मिमीने अरुंद. म्हणजे मागून प्रत्येक खिडकीभोवती दीड मिमीचा खाचा तयार होतो आणि खिडकीची चौकट त्यात बसते. मागच्या पट्ट्यांचे सांधे पुढच्या सांध्यांवर येऊ देऊ नका.

पुढे ०.५ मिमीची विटांची शीट. ती एकसंध ५५० मिमीची लावायचा हट्ट धरू नका. एकेका गाळ्याचा ५० मिमीचा तुकडा करा, सांधा खांबाच्या मध्यावर घ्या आणि त्यावर ८ मिमी रुंद, एक मिमी जाड विटांचा उभा खांब चिकटवा. खऱ्या गिरण्यांनाही दर गाळ्याला असा खांब असतो, त्यामुळे सांधा लपतो आणि भिंतीला सावलीही मिळते. काच आता विटांच्या पृष्ठभागापासून दीड मिमी आत आहे, खऱ्या मापात १३० मिमी, म्हणजे साधारण अर्धी वीट. खिडकी भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल असणं हे स्वतः बांधलेल्या इमारती चपट्या दिसण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण आहे.

विटांची शीट घेताना दहा रद्दे (विटांचे आडवे थर) मोजा. दर्जेसकट (विटांमधल्या सांध्यासकट) एक रद्दा ७५ मिमीचा धरला तर एचओमध्ये दहा रद्द्यांना ८.६ मिमी लागतात. ओओ, म्हणजे १:७६ साठी केलेल्या शीटवर हेच ९.८ मिमी भरतात, आणि पाकिटावर बऱ्याचदा दोन्ही स्केल लिहिलेली असतात. ९.८ ची शीट चालत नाही असं नाही, पण एकाच इमारतीत दोन्ही मिसळू नका. विटांचं माप देशाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतं, तेव्हा ज्या प्रकारची गिरणी डोळ्यासमोर आहे तिच्या फोटोत दाराच्या उंचीत किती रद्दे बसतात ते मोजून घ्या. सगळे तुकडे खालच्या कडेपासून एकाच रद्द्यावर सुरू करा. कोपऱ्यावर रद्दे जुळले नाहीत तर ते कोणत्याही रंगाने झाकत नाही. कोपऱ्याला फक्त विटांच्या शीटची कड ४५ अंशांत सँडपेपरवर घासा, गाभा मागे गुण्याला लावून ६ मिमीच्या चौकोनी पट्टीवर काटकोनात जोडा.

खिडक्यांसाठी लोखंडी चौकटीच्या जाळ्या तयार मिळाल्या, लेझरने कापलेल्या किंवा आम्लाने कोरलेल्या, तर खुशाल घ्या, तिथे वेळ वाचवणं शहाणपणाचं आहे. नाही मिळाल्या तर पाव मिमीच्या पारदर्शक शीटवर सुईने रेघा ओढा, ३.५ बाय ५ मिमीच्या तावदानांच्या, त्यांत रंग भरा आणि वरचा लगेच पुसून काढा. काच बसवताना झटपट गोंद जवळही आणू नका, त्याच्या वाफेने पारदर्शक शीटवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पांढरा पाणीदार गोंद पुरतो. काचा रंगकामानंतरच बसवायच्या, त्यामुळे छप्पर किंवा मागची भिंत शेवटपर्यंत उघडता येईल अशी ठेवा.

प्रत्येक मजल्यावर १.५ मिमीची पूर्ण फरशी टाका. ती भिंत सरळ धरते, एका मजल्याचा दिवा दुसऱ्यात झिरपू देत नाही, आणि तिरकस पाहणाऱ्याला रिकामा खोका दिसत नाही.

छपराची फट ही जवळजवळ नेहमी एकाच कारणाने पडते: छप्पर नकाशावरून कापलेलं असतं. भिंती उभ्या झाल्यावर माप पुन्हा घ्या आणि मग कापा. मुख्य इमारतीला सपाट गच्ची आणि कठडा असल्यामुळे काम सोपं आहे. गच्ची कठड्याच्या आत पट्ट्यांवर टेकवा, चिकटवू नका. डांबरी कागदासाठी टिश्यू पेपरच्या ११ मिमी रुंद पट्ट्या पातळ गोंदाने, एकमेकींवर थोड्या चढवून लावा आणि वर गडद करडा रंग द्या. निव्वळ काळा नको.

करवती छपरासाठी दाताचा पाया ५० मिमी, लांब पाख्याचा उतार २५ अंश आणि काचेची बाजू ६५ अंश धरा. मग कण्याला बरोबर काटकोन येतो, दाताची उंची १९ मिमी, लांब पाखं ४५ मिमी आणि काच २१ मिमी. हा त्रिकोण एकदा जाड शीटमधून कापा आणि बाकीचे त्यावर ठेवून कापा. दात पुढच्या भिंतीवर आडवे दिसले पाहिजेत, म्हणजे कणे पडद्याकडे धावतात आणि ७४ मिमीची शेड मागे चालूच असल्याचा भास होतो. काचा सगळ्या एकाच दिशेला. उत्तर गोलार्धात ती दिशा उत्तर, दक्षिण गोलार्धात दक्षिण, कारण उजेड हवा असतो पण थेट ऊन नको. तेव्हा लेआउटची उत्तर आधी ठरवा. पन्हळी पत्र्याच्या दोन नाळींमधलं अंतर ७६ मिमी असतं, मॉडेलवर ०.८७ मिमी. सिमेंटचे पत्रे हवे असतील तर १.७ मिमी. अख्खी शीट एका तुकड्यात लावण्याऐवजी २५ मिमी लांबीचे पत्रे कापून खालची रांग आधी आणि वरची तिच्यावर तीन-चार मिमी चढवून लावा. कडांची ती बारीक सावली छपराला जिवंत करते. दोन दातांच्या मधल्या खोबणीत पन्हळ विसरू नका. एवढ्या छपराचं पाणी जाणार कुठे, हा प्रश्न पाहणाऱ्याला नकळत पडतो. पुढच्या भिंतीवर प्रत्येक खोबणीखाली दीड मिमीचा उभा नळ द्या.

रंगकामात करडा प्रायमर, त्यावर विटांचा मुख्य रंग मॅट, मग टोकदार ब्रशने विखुरलेल्या काही विटा थोड्या गडद आणि काही थोड्या पिवळट. शंभरात सात-आठ विटा पुरतात, त्याहून जास्त केल्या की भिंत बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. दर्जेसाठी पांढरा रंग वापरू नका. खरी दर्ज १० मिमीची, मॉडेलवर ती ०.११ मिमी व्हायला हवी, पण उठावाच्या शीटवर ती बरीच रुंद असते. पांढरा भरला की तो दोष ओरडून सांगतो. करडा-बदामी रंग खूप पातळ करून, एका भागाला सहा-सात भाग पाणी आणि एक थेंब भांडी घासायचा साबण, भिंत आडवी ठेवून सोडा आणि वरचा कोरड्या कापडाने आडव्या दिशेने टिपा. त्याआधी मॅट वार्निशचा एक हात सुकलेला हवा, नाहीतर खालचा रंगही निघतो.

जुनेपणा पाण्याच्या मागे जातो. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांखाली, पन्हळीच्या सांध्याखाली, टाकीखाली उभे ओघळ. जोत्यालगत दहा-बारा मिमी धुळीचा पट्टा. वाफेच्या इंजिनांचा काळ असेल तर सायडिंगवरच्या दारांच्या वर काजळी, डिझेलचा असेल तर ती खूप कमी. कोळशाच्या बाजूची भिंत सगळ्यात काळी. पावडर रंग लावून वर वार्निश मारलं की परिणाम फिका पडतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा जास्त लावा.

दिवे हवेत की नकोत ते आताच ठरवा, कारण प्लॅस्टिक अर्धपारदर्शक असतं आणि दिवा लावल्यावर भिंतीच चमकतात. आतून आधी काळा, त्यावर पांढरा रंग द्या आणि कोपऱ्यांत काळी पट्टी लावा. बारा व्होल्टवर एका पांढऱ्या एलईडीला १.८ किलोओहमचा रोध दिला तर पाचेक मिलिअँपिअर जातात. कारखान्याच्या खिडकीला तेवढा मंद उजेडच बरा दिसतो. सगळे गाळे उजळू नका.

जमिनीशी जोड देताना इमारत पाटावर नुसती ठेवू नका, जोतं दोन-तीन मिमी जमिनीत बुडू द्या आणि भोवतीची माती त्याला भिडवा. कारखान्याच्या आवारात जमीन स्लीपरच्या माथ्यापर्यंत भरलेली असते. रुळांच्या मध्ये काँक्रीट दाखवायचं असेल तर ते रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा आणि रुळाच्या आतल्या बाजूला चाकाच्या ओठासाठी दीड मिमीची खाच सोडा. नाहीतर रूळ पुसताना रंग निघेल आणि हलक्या वाघिणी उचलल्या जातील.

हीच गिरणी १:१६० मध्ये करायची झाली तर गाभा एक ते दीड मिमीवर येईल, विटांच्या उठावापेक्षा छापील कागद बरा दिसेल, आणि त्याच १२ सेंटिमीटरमध्ये जवळजवळ पूर्ण इमारत बसेल. पुठ्ठ्यात करायची असेल तर २ मिमीचा राखी पुठ्ठा घ्या, कापून झाल्यावर दोन्ही बाजूंनी चपड्याचा (लाखेच्या रोगणाचा) हात द्या. एकाच बाजूला पाण्याचा गोंद लावून कागद चिकटवला की पुठ्ठाही तसाच वाकतो.

तुमच्याकडे आहे त्या सामानाबद्दल. किटची इमारत टाकू नका. तिची दारं माणसाची आकृती लावून तपासा. ती २३-२४ मिमीची असतील तर मधली भिंत काढून, दोन बाजू एका रेषेत जोडून तिचंच बॉयलरघर करा. ते मुख्य इमारतीपेक्षा लहान असायलाच हवं. वाकलेल्या भिंती सपाट काचेवर ठेवून मध्ये किती उचलल्यात ते पाहा. २०० मिमीत दोन मिमीपर्यंत असेल तर मागे भोकं पाडा, महिनाभर उघड्यावर पूर्ण सुकू द्या आणि मग ६ मिमीच्या उभ्या पट्ट्या लावून ओढून सरळ करा. त्याहून जास्त असेल तर विटांची शीट आणि गाभा वेगळे होणार नाहीत. ती भिंत जिन्याच्या मनोऱ्यासाठी ५० मिमीच्या तुकड्यांत कापा, एवढ्या लहान तुकड्यात वाक दिसत नाही. सुरुवात बॉयलरघरापासूनच करा, गिरणीपासून नको. त्यात खिडक्या चार, दार एक आणि छपराचे दोन पाखे असतात, आणि गिरणीत लागणारा प्रत्येक सांधा त्यावर एकदा करून बघता येतो.